नाळेकडे फळ्या चढतायत, मागे फटी पडतायत: उखडू का पुट्टी भरू?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मला नीट कळलाय का ते तुम्हालाही बघता येईल. 1:64 स्केलच्या लाकडी जहाजाचं किट आहे, बल्कहेड, म्हणजे सांगाड्याच्या आडव्या चौकटी, बसवून झालेत, त्यांवर फळ्या म्हणून वरून खाली 5 मिलिमीटर रुंदीच्या पट्ट्या लावत आलात. पहिल्या पाच-सहा झकास बसल्या आणि मग नाळेकडे, म्हणजे पुढच्या टोकाला, प्रत्येक पट्टीची कड उचलायला लागली, पुढची पट्टी तिच्यावर चढायला लागली, आणि मागच्या टोकाला बरोब्बर उलटं, तिथे फटी पडल्या. वाकवताना तीन पट्ट्या मोडल्या. आता सगळं उखडायचं का पुट्टी भरून पुढे जायचं हा एक प्रश्न, आणि पुढचं जहाज किटशिवाय, नकाशावरून करायचं तर लाकूड कुठलं घ्यायचं हा दुसरा.

बावीस वर्षं झाली मी ही जहाजं बनवतेय आणि हा प्रश्न मला दरवेळी आपलासा वाटतो, कारण जवळजवळ प्रत्येकजण याच पट्टीपाशी अडकतो. तुम्हाला वाटतंय की वाकवायचं तंत्र जमत नाहीये. माझ्या मते तुमचं वाकवणं ठीक आहे, पट्टीची रुंदी चुकीची आहे, आणि चुकीच्या रुंदीची पट्टी कितीही भिजवली तरी जागेवर बसत नाही.

हे आकड्यांत बघा. जहाजाच्या मधोमध, जिथे पोट सगळ्यात मोठं आहे, तिथे वरच्या फळीपासून खाली किलपर्यंत, म्हणजे तळाच्या कण्यापर्यंत, बल्कहेडच्या कडेवरून कागदाची पट्टी गुंडाळून माप घ्या. समजा 110 मिलिमीटर आलं. 5 च्या पट्ट्या, म्हणजे 22 लागणार. आता तेच माप नाळेजवळच्या पहिल्या बल्कहेडवर घ्या, तिथे 66 च्या आसपास येईल. त्याच 22 फळ्या तिथेही मावायला हव्यात, म्हणजे प्रत्येकीला 3 मिलिमीटर जागा. तुम्ही 5 ची पट्टी 3 च्या जागेत बसवताय, ती शेजारणीच्या अंगावर चढणार नाही तर काय करणार. आणि मागच्या टोकाला माप 120 आलं तर तिथे 22 पट्ट्या पुरतच नाहीत, 10 मिलिमीटर उघडं राहतं, तीच तुमची फट. चढणं आणि फट या दोन वेगळ्या चुका नाहीत, एकच आहे.

पहिल्या पाच-सहा पट्ट्या का बसल्या असंही वाटेल. एक चेंडू घ्या आणि कागदाची अरुंद पट्टी त्याच्या बरोब्बर मध्यावर गुंडाळा, सपाट बसेल. तीच पट्टी थोडी वर सरकवून मध्याला समांतर धरा, लगेच एक कड उचलेल. लाकूडही तसंच वागतं. जाडीच्या बाजूने ते आनंदानं वाकतं, पिळही घेतं, पण कडेच्या बाजूने वाकायला तयार नसतं. जहाजाच्या वरच्या भागात बाजू जवळजवळ उभ्या असतात, तिथे पट्टीला नुसतं वळायचं असतं, खाली आलं की तिला वळायचं, पिळायचं आणि कडेनं वाकायचं असं तिन्ही एकदम करावं लागतं, आणि तिथे ती बंड करते.

आता उखडायचं का? हे तीन गोष्टींवर अवलंबून आहे. तुमच्या किटमधे फळ्यांचे दोन थर आहेत का एक, वरून रंग देणार का लाकूड दिसू देणार, आणि तळ शेवटी झाकला जाणार का. दोन थर असतील आणि ही पहिलीच फेरी असेल तर अजिबात उखडू नका. चढलेल्या कडा घासून खाली आणा, फटींत लाकडाच्या बारीक पाचरी गोंद लावून बसवा, उरलेल्या खाचांत पुट्टी भरा, पुन्हा घासा. पहिल्या थराचं काम आकार देणं एवढंच असतं, तो कोणी बघत नाही. तळाला तांब्याचे पत्रे लागणार असतील तरी तेच. ब्रिटिशांची व्हिक्टरी ही युद्धनौका 1765 ला पाण्यात उतरली आणि 1780 ला तिच्या तळाला तांबं लागलं, अशा जहाजाचं मॉडेल तांब्यासकट करणार असाल तर पाण्याखालच्या फळ्या दिसणारच नाहीत. रंग देणार असाल तरीही पुट्टी चालते.

पण एकच थर असेल आणि लाकूड उघडं ठेवायचं असेल, तर मी उखडेन. पुट्टी लाकडासारखी कधीच दिसत नाही. बरेचजण सुचवतात की भुसा गोंदात कालवून भरा, तेही मी करून बघितलंय, पॉलिश लावलं की ती जागा आजूबाजूच्या लाकडापेक्षा काळपट पडते आणि नजर नेमकी तिथेच जाते. सगळं उखडायची गरज नाही, जिथून कड उचलायला लागली तिथपासून खालच्याच पट्ट्या काढा.

काढायचं कसं हे गोंदावर आहे. सुताराचा पांढरा गोंद, म्हणजे पीव्हीए, वापरला असेल तर काम सोपं आहे. कापसाची लांब वात करून आयसोप्रोपाइल अल्कोहोलमधे भिजवा, सांध्यावर आडवी ठेवा, वरून प्लास्टिकचा तुकडा टाका म्हणजे उडून जाणार नाही, आणि दहा-पंधरा मिनिटं हात लावू नका. मग पातळ ब्लेड बल्कहेडच्या बाजूनं आत सरकवा. गोंद पांढरा आणि रबरासारखा झालेला दिसेल, पट्टी जवळजवळ आपणहून सुटते. सुटली नाही तर जोर करायचा नाही, परत वात ठेवायची. सुपरग्लू असेल तर अ‍ॅसिटोन लागेल, त्याला वेळ जास्त लागतो. दोन्ही द्रव पेट घेतात, तेव्हा खिडकी उघडी ठेवा आणि जवळ ज्योत नको.

उखडल्यावर लगेच नवी पट्टी हातात घेऊ नका. आधी सांगाडा तपासा. एक लांब लवचिक पट्टी घेऊन ती नाळेपासून मागच्या टोकापर्यंत बल्कहेडवरून हलकेच धरा, दाबायची नाही. ती प्रत्येक बल्कहेडच्या पूर्ण जाडीवर टेकतेय का, का नुसत्या एका धारेवर? किटमधले बल्कहेड काटकोनात कापलेले येतात, आणि जहाज पुढे निमुळतं होत जातं, त्यामुळे पुढच्या बल्कहेडची पुढची धार आणि मागच्या बल्कहेडची मागची धार घासून तिरकी करावीच लागते. मी काय करते, बल्कहेडची सगळी कड काळ्या मार्करनं रंगवते आणि घासत जाते. पुढच्या बल्कहेडवर काळा रंग पुढून मागे कमी कमी होत जातो, मागच्या धारेवर केसाएवढी काळी रेघ उरली की थांबायचं. ती रेघ म्हणजे नकाशातला खरा आकार, ती घासली गेली तर जहाज तिथे बारीक झालं. पॉलिश पेपर हातात धरून घासू नका, लवचिक लाकडी पट्टीवर चिकटवा आणि एका वेळी किमान तीन बल्कहेडवरून फिरवा, नाहीतर प्रत्येकाला स्वतंत्र खड्डा पडतो. नाळेजवळच्या पहिल्या दोन बल्कहेडच्या मधे मऊ लाकडाचे ठोकळे भरून तेही त्याच आकारात घासले तर पट्टीला चिकटायला भरपूर जागा मिळते, किटमधे दिले नसतील तरी हे कराच.

माझ्या दुसऱ्या जहाजाच्या वेळी मी हे सगळं टाळलं होतं. पट्ट्या जागेवर येईनात म्हणून टाचण्या ठोकून, रबरबँड लावून, अंगठ्यानं दाबून बसवल्या आणि बसल्या म्हणून खूष झाले. वार्निश झालं, कपाटावर ठेवलं. काही महिन्यांनी हवा दमट झाली आणि नाळेजवळच्या चार फळ्यांच्या कडा नखाएवढ्या उघडल्या. पट्टीतला ताण गोंदानं नुसता धरून ठेवलेला असतो, तो जात नाही, लाकूड फुगलं-आकसलं की वाट काढतो. त्या जहाजाची नाळ मी परत उघडली आणि पहिल्यांदा मोजून फळ्या केल्या, तेव्हा त्या दोन बोटांच्या दाबानं बसल्या. तेव्हापासून माझी कसोटी ती आहे, कोरडी पट्टी दोन बोटांनी धरल्यावर जागेवर राहिली पाहिजे. क्लॅम्प लागतो तो गोंद सुकेपर्यंत धरायला, पट्टीला मनवायला लागत असेल तर पट्टीचा आकार चुकलाय.

मोजायचं कसं ते सांगते, याला महागडं काही लागत नाही. प्रत्येक बल्कहेडसाठी कागदाची एक अरुंद पट्टी कापा, उरलेल्या भागाच्या वरपासून किलपर्यंत कडेवरून बसवा, दोन्ही टोकांना खूण करा. आता हे अंतर सारख्या भागांत वाटायचंय. एका पानावर दोन-दोन मिलिमीटरच्या अंतरानं समांतर रेघा आखून घ्या. 16 फळ्या उरल्या असतील तर 17 रेघा धरा, कागदी पट्टीची एक खूण पहिल्या रेघेवर ठेवा आणि पट्टी तिरपी करत दुसरी खूण सतराव्या रेघेवर आणा. मधली प्रत्येक रेघ पट्टीला जिथे छेदते तिथे टिंब द्या, झाले 16 सारखे भाग. पट्टी लांब असेल तर जास्त तिरपी होते, आखूड असेल तर कमी, आणि फारच आखूड असली तर रेघांमधलं अंतर कमी असलेलं पान लागेल, पण गणित एकदाही करावं लागत नाही. मग पट्टी परत बल्कहेडवर लावून टिंबं कडेवर उतरवायची. सगळ्या बल्कहेडवर हे झालं की दोरा घेऊन चौथ्या, आठव्या, बाराव्या टिंबांवरून लांबवर ताणा आणि जहाज समोरून, वरून, मागून बघा. दोरा कुठे पोक काढत असेल, खड्डा पडत असेल तर तिथली टिंबं हलवा. इथे मापापेक्षा डोळ्यावर विश्वास ठेवा, गोड वळण डोळ्याला आधी कळतं.

नाळेकडे एका फळीच्या वाट्याला मूळ रुंदीच्या निम्म्याहून कमी जागा येत असेल, तुमच्या बाबतीत अडीच मिलिमीटरपेक्षा कमी, तर ती फळी टोकापर्यंत नेऊ नका. तितक्या अरुंद टोकात खऱ्या जहाजावर खिळा मारता आला नसता, म्हणून सुतार दोन फळ्या आधीच थांबवून पुढे एकच रुंद फळी न्यायचे, तसंच करा. मागे उलट, जागा जास्त असेल तिथे दोन फळ्यांच्या मधे पाचरीसारखी निमुळती जादा फळी घालायची. तुमच्या 120 च्या मापात अशा दोन लागतील. हा नवशिक्यांसाठी काढलेला शॉर्टकट वगैरे नाही बरं का, खऱ्या गोदीतही हेच व्हायचं, त्यामुळे त्या दिसल्या तरी जहाज जास्त खरं दिसतं.

आता एक फळी करून बघू. टिंबांवरून कर्कटकानं प्रत्येक बल्कहेडवरची रुंदी घ्या आणि पट्टीवर उतरवा, टिंबं जोडा. रेषेच्या किंचित बाहेरून सुरीनं कापा. डाव्या आणि उजव्या बाजूची फळी एकदमच करा, दोन्ही पट्ट्या एकावर एक ठेवून शिकंज्यात उभ्या धरा आणि छोट्या रंध्यानं रेषेपर्यंत या. रंधा रुंद भागाकडून अरुंद टोकाकडे चालवा, उलटा नेलात की लाकडाचे तंतू उपटतो. शेवटी आतल्या बाजूची कड एक-दोन हात मारून जरा उतरती करा, म्हणजे वळणावर बाहेरचा सांधा घट्ट मिटतो. आणि एक फळी डावीकडे, एक उजवीकडे असंच जायचं, एकाच बाजूला चार-पाच लावल्यात तर किल धनुष्यासारखी वाकते आणि ती मग सरळ होत नाही.

वाकवण्याबद्दल थोडक्यात. पाण्याचा उपयोग कमी, उष्णतेचा जास्त. लाकडातलं लिग्निन, म्हणजे तंतू एकमेकांना बांधून ठेवणारा पदार्थ, साधारण 100 अंशांच्या आसपास मऊ पडतं, तेच फळीला वळू देतं, पाणी ती उष्णता आत पोचवतं. दीड मिलिमीटरपर्यंतच्या पट्टीला पंधरा-वीस मिनिटं भिजवणं पुरे, मग छोटी इस्त्री किंवा हेअर ड्रायर. कडेनं वाकवायची तर पट्टी सपाट फळीवर ठेवून एक टोक क्लॅम्प करा, दुसरं हळूहळू ओढून क्लॅम्प करा, वर इस्त्री फिरवा, आणि तशीच थंड होऊ द्या. हव्या त्यापेक्षा थोडी जास्त वाकवा, सुटल्यावर ती जरा परत येते. ओली पट्टी कधीही चिकटवू नका, ओली असताना ती फुगलेली असते, सुकली की आकसते आणि तुम्ही छान बसवलेला सांधा उघडतो. तुमच्या पट्ट्या मोडल्या त्यांची रेष, म्हणजे लाकडाच्या तंतूंची दिशा, बघा, बहुतेक ती कडेला समांतर नसून तिरपी बाहेर जात असेल. तशा पट्ट्या आधीच बाजूला काढून सरळ भागात वापरायच्या.

आणखी एक गोष्ट, जी किटच्या सूचनांत सहसा नसते. किटमधली पट्टी अर्धा मीटरहून लांब येते म्हणून आपण ती पुढून मागे अख्खी लावतो. खऱ्या जहाजाची फळी झाडाएवढी लांब असू शकते, त्याहून नाही. 24 फुटांची फळी धरली तर 1:64 ला ती 114 मिलिमीटर होते. म्हणजे तुकड्यांत लावणं हेच बरोबर आहे, आणि सोपंही आहे, कारण नाळेचा अवघड तुकडा वेगळा करता येतो, बिघडला तर तेवढाच टाकायचा. जोड बल्कहेडवरच यायला हवा, शेजारच्या फळीचा जोड त्यापासून खऱ्या पाच फुटांवर, म्हणजे 24 मिलिमीटर तरी लांब, आणि एकाच बल्कहेडवर दोन जोडांच्या मधे तीन अख्ख्या फळ्या जायला हव्यात. हे वेळापत्रक आधी कागदावर काढून ठेवा.

म्हणजे क्रम असा झाला: सांगाडा घासून सरळ वळणात, मग कागदी पट्टीनं मापं, मग दोऱ्यानं डोळ्याची तपासणी, मग फळी कापणं, आणि वाकवणं सगळ्यात शेवटी. हे चालू असताना आतलं उघडं आहे तोवर डोलकाठ्यांच्या खाचा आणि तोफांच्या खिडक्यांच्या चौकटीही पक्क्या करून घ्या, नंतर हात जाणार नाही.

आता लाकूड. पुढच्या जहाजासाठी लाकूड निवडताना रंगाआधी रेषा बघा, कारण झाड आपण लहान करू शकत नाही. 1:64 ला लाकडावरची 1 मिलिमीटरची खाच म्हणजे खऱ्या जहाजावर 64 मिलिमीटरचा चर. वॉलनट किटमधे सर्रास येतं, दिसायला श्रीमंत आहे, पण त्याची छिद्रं उघडी असतात आणि लहान स्केलला ती ओरडून दिसतात. सागाचं मोठ्या जहाजावर सोनं होतं, मॉडेलवर त्याची रेष जाड दिसते, शिवाय त्यात सिलिका असते, ब्लेड भराभर बोथट होतात. मला विचाराल तर पेअर, मिळालं तर बॉक्सवुड. दोन्हींची रेष इतकी बारीक की धार टोकदार राहते, बारीक कोरीवकाम निघतं. सतराव्या शतकाच्या मध्यापासून इंग्लंडमधे नेव्ही बोर्ड (आरमाराचा कारभार बघणारं मंडळ) पद्धतीची मॉडेल्स बनायची, त्यात ही फळझाडांची आणि बॉक्सची लाकडं खूप दिसतात, आणि ती ग्रीनिचच्या आणि अ‍ॅनापोलिसच्या संग्रहालयांत आजही धडधाकट उभी आहेत. डेकला हॉली किंवा मेपल, पांढरं आणि शांत. पहिल्या थराला आणि रंग देणार तिथे बासवुड, ते सुरीला लोण्यासारखं आहे, पण कड मऊ असल्यानं उघडं ठेवायला नको. बाल्सा फळ्यांसाठी नको. एबनी, रोझवुड घासताना मास्क लावाच, त्यांची धूळ श्वासाला आणि कातडीला त्रास देते.

स्केलचा हाच हिशोब खिळ्यांनाही लावा. किटमधल्या पितळी खिळ्याचं डोकं 1 मिलिमीटरचं असेल तर खऱ्या जहाजावर ते अडीच इंचाचं झालं. खरी लाकडी खुंटी सव्वा इंचाच्या आसपास, म्हणजे तुमच्या स्केलला अर्धा मिलिमीटर. बांबूची बारीक काडी पोलादी पट्टीतल्या लहान लहान होत जाणाऱ्या भोकांतून ओढून ती करता येते, नाहीतर खुंट्या दाखवूच नका, उगाच ठसठशीत दिसण्यापेक्षा नसलेल्या बऱ्या. तसंच डेकच्या फळ्यांमधली काळी रेघ, ती 0.1 मिलिमीटरची हवी, फळीच्या कडेला मऊ पेन्सिल फिरवली की पुरे.

परत तुमच्या जहाजाकडे, एक राहिलं. वरून खाली एकसारखं येत राहू नका. आठ-नऊ फळ्या राहिल्या की खालून, किलला लागून असलेली पहिली फळी लावा आणि वर या. ही फळी नाळेच्या खांबावर चढू द्यायची नाही, तिचं पुढचं टोक खालीच थांबवायचं. ती वर चढली की वरच्या सगळ्या फळ्यांची नाळेकडची जागा खाते आणि तुम्ही परत 3 च्या जागेत 5 बसवायला लागता. वरचे आणि खालचे असे दोघे पोटाच्या खालच्या वळणाच्या आत, जिथे सहसा नजर जात नाही, तिथे भेटू द्या. शेवटच्या फटीवर पातळ कागद ठेवून त्यावर पेन्सिल आडवी घासा, दोन्ही कडांचा ठसा उठतो, तो कापून फळीवर चिकटवा आणि रेषेच्या बाहेरून कापा. मग एकेक हात रंधा मारत, लावून बघत, परत काढत. माझी शेवटची फळी अशी दहा-बारा वेळा तरी आत-बाहेर होते. दोन्ही आतल्या कडा जरा उतरत्या ठेवल्यात तर ती वरून अंगठ्यानं दाबल्यावर घट्ट आत जाते आणि गोंदाची बारीक रेघ दोन्ही बाजूंनी सारखी वर येते, ती ओल्या फडक्यानं लगेच पुसून घ्या, सुकली तर तिथे पॉलिश धरत नाही.